रविवारच्या कबड्डीचा जमाखर्च

आपल्या जिल्ह्यातला शेतकरी सहा दिवस जमिनीशी झटतो आणि सातव्या दिवशी त्याच जमिनीवर शेजारच्या गावच्या गड्याला आडवा पाडतो. पहिल्या सहा दिवसांच्या कामाला शेती म्हणतात, सातव्या दिवसाच्या कामाला कबड्डी. दोन्हींत कष्ट भरपूर, अंगाला माती भरपूर आणि हाती काय लागले हे संध्याकाळी कोणी विचारू नये!

जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तरी बाजाराला निघालेला माणूस अजून ‘नगरला चाललो’ असेच सांगतो. तसेच कबड्डीला जुनी माणसे अजून हुतूतूच म्हणतात. नावे बदलली तरी खेळ तोच. खरिपाची सुगी आटोपून दिवाळी झाली की गावोगावी स्पर्धांचे फलक लागतात आणि चैत्रातल्या जत्रांपर्यंत हा हंगाम चालतो. आमची नोकरी शिवारात हिंडण्याची. रविवारी कोणाच्या हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला जावे तर अळी शेतात सापडते आणि शेतकरी मैदानावर. त्यामुळे गेली कित्येक वर्षे पिकांबरोबर हे सामनेही पाहण्यात आले.

काट्यावरचा माल

गावच्या स्पर्धा बहुधा वजनी गटांच्या असतात. वजन करायला काटा कुठला? भुसार व्यापाऱ्याचा. साठ किलोच्या गटात खेळायचे म्हणून एकसष्ट किलोचा गडी सकाळपासून पाण्याला शिवत नाही. भर उन्हात स्वेटर घालून पळतो. काट्यापाशी आल्यावर चपला काढतो, करगोटा सोडतो, ताईत उतरवतो आणि शेवटी त्याचा हात मिशीकडे जातो. काट्यावरून उतरला रे उतरला की तांब्याभर पाणी आणि अर्धा डझन केळी! पाणी मारून मालाचे वजन वाढवणारे आपण बाजारात पुष्कळ पाहिले. माल वाळवून काट्यावर आणणारा हा एकच धंदा असावा. थट्टा सोडा, पण असा वाळवलेला गडी उत्तरार्धात पोटऱ्यांत गोळे येऊन बसतो. एक गट वरचा खेळलेला बरा.

नियमाने सात गडी मैदानात आणि पाच राखीव असतात. गावच्या संघाला सात मिळाले तरी कप्तान देवाला नारळ फोडतो. मुख्य चढाईवाला डेअरीला दूध घालणारा, म्हणून सामना सकाळच्या धारेनंतर आणि संध्याकाळच्या धारेआधी. डावा कोपरा जेसीबीवर ड्रायव्हर. त्याने घोटा धरला की सुटका नाही. पंच तिसऱ्याच गावचे मास्तर, कारण दोन्हींपैकी एका गावचे असले तर परतीची एस.टी. चुकण्याची भीती. बनियनी खताच्या दुकानदाराने दिलेल्या. त्यामुळे एका संघाच्या पाठीवर ‘खात्रीचे बियाणे’ आणि दुसऱ्याच्या पाठीवर ‘बोंडअळीचा कर्दनकाळ’. लाउडस्पीकरवर गुणफलक, वर्गणीदारांची नावे आणि ‘रस्त्यातला ट्रॅक्टर बाजूला घ्या’ हे तिन्ही एका दमात. चढाईवाल्याला ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत ३० सेकंद दम टिकवावा लागतो. निवेदकाला ती अट नाही.

अशाच एका सामन्यात गुण सारखे, तीन मिनिटे उरलेली, सगळे गाव श्वास रोखून उभे. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून हाळी आली, “लाईट आली रे!” झाले! पंचांनी कोणाला बाद न करता दोन गडी मैदानाबाहेर. त्यांचा गहू पाण्यावर आलेला, आणि थ्री-फेज वीज काही उत्तरार्ध संपायची वाट पाहत नाही. पाच गड्यांवर सामना गेला. हल्ली मोबाईलवरून मोटार चालू करता येते. शेतीला त्याचा फायदा झालाच, पण कबड्डीला जास्त झाला.

पपईची हुतूतू

एका गावात पोरांनी पारावरच्या एका आजोबांना मोबाईलवर रग्बीचा सामना दाखवला. आजोबा पाच मिनिटे पाहून म्हणाले, “ही आपली हुतूतूच की! नुसती हातात पपई दिलीया.”

आजोबांची पारख काही वाईट नाही. रग्बीत एका बाजूला पंधरा गडी. चेंडू लांबट, थेट पपईसारखा. तो काखेत घेऊन समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे टेकवायचा. त्याला कमरेत धरून पाडण्याची सर्वांना मुभा. गंमत अशी, की चेंडू हाताने फेकायचा तो मागच्या बाजूलाच; पुढे फेकला तर चूक. पुढे जायचे आणि देणे मागे द्यायचे, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

हा खेळ आपल्या देशातही जुना आहे. कलकत्त्याला १८७२ च्या नाताळात रग्बीचा सामना झाला आणि पुढच्या वर्षी क्लब निघाला. फुकटची दारू बंद झाल्यावर सभासद आटले, असे सांगतात. १८७८ साली क्लब मोडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक घडवला. त्याला तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश १८७९ पासून या ‘कलकत्ता चषका’साठी झुंजतात. आपल्याकडे मंडळ मोडले की शिलकीवरून भांडणे होतात; त्या साहेबांनी निदान भांडे तरी केले. आजही मुंबईत आझाद मैदानाशेजारच्या बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्याच्या चिखलात रग्बी खेळली जाते.

पण रग्बीची गोष्ट इथे काढली ती वेगळ्याच कारणाने. इंग्लंडच्या उत्तर भागातले बरेच खेळाडू कोळशाच्या खाणीत आणि गिरण्यांत कामाला होते. सामने शनिवारी. सामन्याला गेले की मजुरी बुडे. त्यांचे म्हणणे साधे होते: खेळल्याचे पैसे नकोत, पण बुडालेली मजुरी तरी द्या. वरच्या संघटनेतल्या सुखवस्तू मंडळींनी १८९३ साली हे फेटाळले. खेळ हौशी आहे, हौसेला मजुरी कसली? तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेतली, वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या दिवसापोटी सहा शिलिंग द्यायचे ठरवले. एका मजुरीवरून रग्बीचे दोन खेळ झाले. एक पंधरा गड्यांचा राहिला, दुसरा पुढे तेरांचा झाला. जुन्या संघटनेने हौशीपणाचे सोवळे १९९५ पर्यंत पाळले आणि मग मुकाट्याने सोडले.

हौसेला मोल असते

आपल्या देशातल्या कबड्डीच्या संघटनेच्या नावातही ‘हौशी’ हा शब्द आहे. खेळाने नाव मोठे कमावले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. १९९० साली तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत शिरला. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा संघात महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. २०१४ पासून प्रो कबड्डी आली आणि खेळाडूंचे लिलाव कोटीच्या पुढे गेले. चांगलेच झाले. पण रविवारी आपल्या गावच्या मैदानात उतरणारा गडी अजून हौशीच आहे, आणि त्याची हौस फुकट आहे असा आपल्या सर्वांचा समज आहे.

ती फुकट नाही. चढाईवाला मैदानावर असतो तेव्हा त्याच्या म्हशीची धार आई काढते. पाटपाण्याची पाळी असली तर दारे धरायला बायको जाते. रोजावर जाणारा असला तर सोमवारी अंग ठणकते म्हणून खाडा होतो. हे सगळे खर्चाच्या बाजूचे आकडे आहेत. फक्त मंडळाच्या वहीत ते कोणी लिहीत नाही. वहीत ढाल, हार, नारळ आणि लाउडस्पीकरचे भाडे तेवढे असते.

आणि एखादे वेळी आकडा मोठा लागतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. अशाच एका गावात दिवाळीच्या स्पर्धेत अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत एका गड्याने तीन गडी मारले आणि मध्यरेषेला हात लावता लावता गुडघा पिरगळला. गावाने त्याला खांद्यावर घेतले. गुलाल उधळला. आठ दिवसांनी गाड्या भरल्या तेव्हा त्याला पाय टेकवत नव्हता. उचल तर फेडायची होती. कोयता उचलला त्याच्या धाकट्या भावाने, बारावीचे वर्ष अर्ध्यावर सोडून. ढाल आजही ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. ती त्या धाकट्याच्या वर्षाची आहे, हे ढालीवर कोरलेले नाही.

मग खेळूच नये का? नाही मंडळी, तसे मुळीच नाही. जमेची बाजूही पाहा. एका गावात बांधावरून कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ आहेत. तालुक्याला तारखेच्या दिवशी एका बाकावर बसत नाहीत. पण एक कोपऱ्याला आणि दुसरा त्याच्या शेजारी मध्यरक्षक, आणि साखळी करायची म्हणजे हातात हात घ्यावाच लागतो. खटला मिटला असे सांगणार नाही, तो चालू आहे. मात्र एकाच्या कडब्याच्या गंजीला आग लागली त्या रात्री पहिली बादली घेऊन धावला तो पलीकडच्या बांधावरचाच. हे पीक दुसऱ्या कुठल्या बियाण्याने येत असेल तर आमच्या खात्याला तरी ठाऊक नाही.

तेव्हा एवढे करा

पहिले काम मैदानाचे. मातीच्या मैदानासाठी माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांचे मिश्रण नियमांतच सांगितले होते. आमच्या खात्याला शोभेल असा हा नियम! पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि ढेकूळ दगडासारखे होते. वरची वीतभर माती खणून चाळा, खडे वेचा, पोयट्याची माती आणि पूर्ण कुजलेले खत मिसळा. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून सारखी करा. गुडघे यानेच निम्मे वाचतील. मात्र शेणखताच्या मातीत खरचटले की धनुर्वाताची भीती असते. जखम साबण-पाण्याने धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनचे विचारा. मुरगळलेला सांधा चोळायला देऊ नका. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. पाय टेकवत नसेल तर फोटो काढल्याशिवाय राहू नका.

दुसरे काम विम्याचे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपये भरावे लागतात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख रुपये मिळतात. संघात नाव घालताना पासबुक पाहा. हप्ता गेलेला नसेल तर आधी बँक, मग मैदान.

तिसरे काम मात्र सरकार करणार नाही, विमा कंपनीही नाही. पिरगळलेल्या गुडघ्यापायी महिनाभर बुडालेल्या मजुरीला कुठलीच पॉलिसी लागू होत नाही. ते गावानेच करायचे. स्पर्धेच्या प्रवेश फीतून आणि वर्गणीतून एक वाटा ढालीच्या आधी बाजूला काढा. खेळताना जायबंदी झालेल्या गड्याला तो बरा होईपर्यंत रोजाच्या हिशेबाने त्यातून द्या. ज्याची पाण्याची पाळी चुकेल त्याचे दारे धरायला मंडळाचा एक जण जाऊ द्या. हे उपकार नव्हेत. खाणकामगारांनी १८९५ साली जे मागितले तेच हे आहे, आणि त्यांना ते मिळवायला वेगळी संघटना काढावी लागली. आपल्याला एक बैठक पुरेल.

यंदा सुगीनंतर मंडळाची नवी वही घालाल तेव्हा पहिल्या पानावर ढाल, हार, नारळ लिहिण्याआधी एक ओळ लिहा: ‘गड्याची बुडालेली मजुरी’. पुढे आकडा छोटा का असेना, लिहा. मग खुशाल शेजारच्या गावाला आडवे पाडा.