कायरोप्रॅक्टिकचे विद्यापीठीय प्रशिक्षण आणि ग्रामीण विद्यार्थी : जाम परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
समुद्रपूर तालुक्यातील जाम हे नागपूर–हैदराबाद महामार्गावरील चौरस्त्याचे गाव असून येथूनच चंद्रपूरकडे जाणारा मार्ग फुटतो. रात्रंदिवस वाहन हाकणारे चालक आणि वाकून कापूस वेचणाऱ्या स्त्रिया यांच्या दृष्टीने पाठदुखी ही नित्याची बाब आहे. अशा वेळी हाडवैद्याकडे जाण्याची परंपरा जुनी आहे. अलीकडे मणक्याला हिसका देऊन वेदना घालविणाऱ्यांच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या जातात. त्यातून हे शिक्षण कोठे मिळते, असा प्रश्न बारावीनंतरचा विद्यार्थी प्राध्यापकांस विचारू शकतो. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उगम व विकास :
‘हाताने केलेले कार्य’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘कायरोप्रॅक्टिक’ ही संज्ञा बनली. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे या पद्धतीचा आरंभ केला व १८९७ मध्ये विद्यालय स्थापिले. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांच्या विचलनात असते, हे त्यांचे मत आधुनिक वैद्यकाने स्वीकारलेले नाही. मात्र कंबरदुखीत हस्तोपचाराचा काही प्रमाणात उपयोग होतो, असे संशोधनात आढळते. म्हणूनच काही देशांत हा विषय विद्यापीठात आला. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे हे विद्यार्थी वैद्यकीय विद्यार्थ्यांसमवेत मूलभूत विषय शिकतात. स्वित्झर्लंडच्या २००७ पासून लागू झालेल्या कायद्यात कायरोप्रॅक्टिकची गणना विद्यापीठीय वैद्यकीय व्यवसायांत होते.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पूर्ण प्रशिक्षण किमान ४२०० तासांचे असावे व त्यातील किमान १००० तास देखरेखीखालील रुग्णसेवेचे असावेत. आधीच आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेतलेल्यांसाठी ही मर्यादा किमान २२०० तास आहे. शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, चेतासंस्थेची तपासणी, क्ष-किरण निदान आणि हस्तकौशल्य हे विषय त्यात येतात.

एवढा कालावधी कशासाठी? हिसका देण्याचे तंत्र तुलनेने लवकर अवगत होते; तो कोणास देऊ नये हे ओळखण्यास वर्षे लागतात. पाठदुखीच्या मागे मणक्यांचा क्षयरोग, अर्बुद, अस्थिभंग किंवा हाडांचा ठिसूळपणा असू शकतो. अशा रुग्णावर बलप्रयोग झाल्यास मज्जारज्जूस इजा होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. मानेच्या हिसक्यानंतर रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या क्वचित घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

भारतातील स्थिती :
भारतात २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे १० वर्ग आहेत. त्यांत फिजिओथेरपीला स्वतंत्र स्थान आहे. कायरोप्रॅक्टिकचा स्वतंत्र वर्ग नाही. त्यामुळे काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते, पण त्याने वैधानिक मान्यता लाभत नाही. शेतकरी कुटुंबाने कर्ज काढून असे शुल्क भरण्यापूर्वी हा भेद त्यास कळणे आवश्यक आहे.

वर्धा जिल्ह्यात मान्यताप्राप्त पर्याय उपलब्ध आहेत. सेवाग्राम येथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था कार्यरत आहे, तर सावंगी (मेघे) येथे रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर शिक्षणात हस्तोपचाराचा अभ्यास करता येतो. ज्यास कायरोप्रॅक्टिकच शिकावयाचे आहे, त्याने आधी अशी पदवी घेऊन नंतर परदेशी विद्यापीठाचा विचार करणे अधिक सुरक्षित होय.

समारोप :
कोणत्याही अभ्यासक्रमाची शिफारस करण्यापूर्वी प्राध्यापकांनी तीन प्रश्न विचारावेत : पदवी कोणते विद्यापीठ देते, देखरेखीखाली रुग्णसेवेचे तास किती, आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते? यांपैकी एकाचेही उत्तर अस्पष्ट असल्यास विद्यार्थ्याचे शुल्क आणि उद्याच्या रुग्णाचा कणा, दोन्ही धोक्यात येतात. हाडवैद्यावरील गावाचा विश्वास हे मोठे सामाजिक भांडवल आहे. त्यास शास्त्रीय शिक्षणाची जोड देणे हे महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.