एकदाच घ्यायचा बॉक्स

तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरमागच्या फळीवर सेट टॉप बॉक्सच्या खोक्यांची उतरंड लागलेली असते. बहुतेक खोक्यांवर 'फुल एचडी' आणि 'लाइफटाइम फ्री' ही अक्षरं ठसठशीत छापलेली असतात. गिऱ्हाईक साधारण दोनच प्रश्न विचारतं: कितीला दिला, आणि चॅनेल किती दिसतील? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र त्या खोक्यात नसतं. चॅनेल किती, हे जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचा उपग्रह आणि दिल्लीत होणारे लिलाव ठरवतात. बॉक्स फक्त आलेलं उघडून दाखवतो. म्हणून विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जे येतं ते सगळं या बॉक्सला उघडता येतं का?

दर महिन्याला केबलचे किंवा डीटीएचचे तीनशे-चारशे रुपये देणं ज्या घराला जड जातं, त्या घरासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चुकीचा बॉक्स घेतला तर त्याच घराला वर्षभरात दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडे फुकट उपग्रह टीव्ही म्हणजे मुख्यतः दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश'. १६ डिसेंबर २००४ रोजी ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. पुढे नाव बदललं, उपग्रह बदलले, वाहिन्या वाढल्या. पण महिन्याचं भाडं तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आज देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत ही सेवा पोचली असल्याचे अंदाज आहेत. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवण्याची मजुरी धरून साधारण दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च होतो. दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यात आपली सह्याद्री, शिवाय सिनेमा, बातम्या, भक्ती, गाणी असं बरंच काही त्यावर येतं. टीव्हीच्याच पडद्यावर आकाशवाणीची अनेक केंद्रंही लागतात, हे मात्र पुष्कळ घरांना ठाऊक नसतं. बॉक्सच्या रिमोटवर 'टीव्ही/रेडिओ' असं बटण असतं, ते दाबायचं.

आता बॉक्सच्या पोटात काय असतं ते पाहू. चित्र जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं तर उपग्रहावर जागा पुरणार नाही. म्हणून ते आवळून, गाठोडं बांधून पाठवतात. गाठोडं बांधायच्या दोन रीती इथे चालतात. जुनी रीत 'एमपेग-२', नवी 'एमपेग-४'. नव्या रीतीने बांधलं की तितक्याच जागेत जवळपास दुप्पट माल मावतो, म्हणून एचडी वाहिन्या त्याच रीतीने येतात. फ्री डिशवर दोन्ही रीतींची गाठोडी एकाच वेळी येत असतात. एमपेग-४ बॉक्सला दोन्ही गाठी सोडवता येतात. एमपेग-२ बॉक्सला मात्र फक्त जुनीच गाठ सुटते. नवी वाहिनी त्याच्या यादीत येत नाही, किंवा आली तरी पडदा काळाच राहतो. घरच्यांना वाटतं छत्री हलली. मग छपरावर चढणं, फिटर बोलावणं, पुन्हा दोनशे रुपये. दोष छत्रीचा नसतोच.

डीडी नॅशनल आणि डीडी न्यूजच्या एचडी वाहिन्या हे याचं सरळ उदाहरण. जुन्या बॉक्सवर त्या कितीही स्कॅन करून दिसणार नाहीत. म्हणून खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या दोन गोष्टी शोधाव्यात: 'एमपेग-४' किंवा 'एच.२६४', आणि 'डीव्हीबी-एस२'. पहिली गोष्ट गाठ सोडवण्याची, दुसरी उपग्रहाचा नव्या पद्धतीचा सिग्नल पकडण्याची. दोन्ही असतील तर बॉक्स घेण्याजोगा. समोरच्या बाजूला कितीही मोठ्या अक्षरांत 'एचडी' लिहिलेलं असो, या दोन शब्दांवाचून त्याला अर्थ नाही. जुना एमपेग-२ बॉक्स शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो, पण आज तो नव्याने विकत घ्यायचं काहीच कारण उरलेलं नाही.

दुकानात 'आयकॅस'वालाही बॉक्स दाखवतात. आयकॅस म्हणजे भारतात विकसित झालेली, वाहिन्यांना कुलूप घालण्याची यंत्रणा. दूरदर्शनने मान्यता दिलेल्या कंपन्या असे बॉक्स बनवतात. फ्री डिशवरच्या एमपेग-२ वाहिन्यांना कुलूप नाही, त्या कोणत्याही साध्या बॉक्सवर दिसतात. तरी पुढे एखाद्या वाहिनीला कुलूप लागलंच तर अडू नये म्हणून, किमतीत फार फरक नसेल तर मान्यताप्राप्त बॉक्स घेणं शहाणपणाचं. फरक मोठा असेल तर साध्या एमपेग-४ बॉक्सवरही घराचं काम भागतं.

बॉक्स मागच्या बाजूनेही पाहायला हवा. घरात जुना, खोक्यासारखा टीव्ही असेल तर पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची सोय हवी. सपाट टीव्हीला एचडीएमआय. दोन्ही असलेला बॉक्स घेतला तर उद्या टीव्ही बदलला तरी बॉक्स बदलावा लागत नाही. काही बॉक्स १२ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालतात. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे असा बॉक्स सोलरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालवता येतो. टीव्हीही तसाच असला की अंधारातही बातम्या लागतात. अॅडॅप्टर वेगळा असण्याचा आणखी एक फायदा आहे. विजेचा दाब कमीजास्त होऊन काही जळलंच, तर पुष्कळदा अॅडॅप्टरच जातो आणि तो दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो.

दुकानदार यूएसबीवरून सिनेमा दाखवणं, वायफाय, यूट्यूब अशा सोयीही सांगेल. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे देण्याऐवजी तेच पैसे वायरीवर घालवावेत.

होय, वायरीवर. छत्रीच्या पुढच्या दांडीवर बसणारा एलएनबी उपग्रहाचा क्षीण सिग्नल पकडतो, वाढवतो आणि वायरीतून खाली सोडतो. बॉक्सही त्याच वायरीतून उलट दिशेने एलएनबीला वीज देतो: उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्यांसाठी १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. वायर हलकी असेल, मध्येच जोडलेली असेल किंवा टोकाच्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी शिरलं असेल, तर अर्ध्या वाहिन्या दिसतात आणि अर्ध्या गायब होतात. अशा वेळी आधी बॉक्सला बोल लावला जातो. आरजी-६ जातीची, आत तांब्याचा गाभा असलेली वायर एकाच तुकड्यात घ्यावी आणि बाहेरच्या कनेक्टरवर रबरी टोपी चढवावी किंवा टेप गुंडाळावी.

छत्रीचं माप हा तसा छोटा विषय. महाराष्ट्रात ६० सेंटिमीटरची पुरते. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहावरून भारतातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला, तेव्हा कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या उभारल्या होत्या. आजचा उपग्रह जास्त ताकदीचा आहे आणि त्याच्या लहरी फार आखूड आहेत, म्हणून छत्री हाताने उचलण्याइतकी झाली. त्या आखूड लहरींची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. मुसळधार सरीतले थेंब त्यांना अडवतात. कोकणात जुलैत आभाळ फुटलं की टीव्ही पाच-दहा मिनिटं थांबतो, सर ओसरली की आपोआप परततो. तेवढ्यासाठी छत्री हलवू नये. तळकोकणात किंवा घाटमाथ्यावर ७५ ते ९० सेंटिमीटरची छत्री घेतली तर हे थांबणं कमी होतं.

छत्रीच्या मापापेक्षा मोठा प्रश्न जागेचा असतो. फ्री डिशचा सध्याचा उपग्रह जीसॅट-१५. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला. विषुववृत्तावर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर तो उभा आहे. मुंबई, पुणे, नागपूर कुठूनही पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचीवर येतो. म्हणजे क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंतच्या अंतराचे तीन भाग केले तर दोन भाग वर. मग छत्री इतकी उभी का दिसते? कारण घरगुती छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे छत्रीचं तोंड दिसतं त्यापेक्षा तिची नजर बरीच वर असते. समोरच्या घराची भिंत आड येईल असं वाटतं आणि ती येत नाही. उलट वरची आंब्याची फांदी आड येते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही.

ही फांदी शोधायला सूर्य मदत करतो. दर वर्षी १२ मार्चच्या आसपासचे दोन-तीन दिवस, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, सूर्य महाराष्ट्रातून पाहताना नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. १ ऑक्टोबरच्या आसपास तीच गोष्ट अकराला काही मिनिटं कमी असताना घडते. त्या क्षणी छत्री लावायच्या जागेवर ऊन पडलं असेल तर जागा मोकळी आहे. सावली पडली असेल, तर ज्या फांदीची सावली आहे तीच फांदी टीव्ही अडवणार. (सूर्याकडे थेट पाहू नये, सावलीच पाहावी.) त्याच वेळी सूर्याच्या स्वतःच्या लहरींमुळे टीव्ही काही मिनिटं बिघडतो, तो बिघाड आपसूक जातो. मार्च-ऑक्टोबरपर्यंत थांबायला वेळ नसेल तर आग्नेयेकडे तोंड करून, हात दोन-तृतीयांश उंच करून पाहिलं तरी अंदाज येतो. मार्चात झाडांची पानं झडलेली असतात आणि पावसाळ्यात ती भरतात, हेही ध्यानात ठेवावं.

घरात आधीची खासगी डीटीएचची छत्री पडून असेल तर ती बहुधा वापरता येते. दिशा तेवढी बदलावी लागते. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८ च्या आसपास, डिश टीव्हीचा ९५ वर; फ्री डिश ९३.५ वर. छत्री त्या हिशेबाने फिरवायची आणि एलएनबी बॉक्सच्या मेनूत दिलेल्या प्रकाराशी जुळतो का ते पाहायचं. त्या कंपन्यांचे बॉक्स मात्र स्वतःच्याच सेवेला बांधलेले असतात. त्यांच्यावर फ्री डिश लावायचा खटाटोप सहसा फुकट जातो. नवा टीव्हीच घ्यायचा असेल तर अंगभूत सॅटेलाइट ट्यूनर असलेले टीव्हीही आहेत. भारतीय मानक ब्युरोने त्यांच्यासाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक आखलं आहे. अशा टीव्हीला छत्रीची वायर थेट जोडता येते, बॉक्स आणि दुसरा रिमोट दोन्ही वाचतात. घरात वयस्क माणसं असतील तर एक रिमोट कमी होणं ही मोठीच सोय.

बॉक्स बसला, चित्र आलं, की पुढच्या वर्षभरात एक तक्रार हमखास होते: 'आमचा अमुक चॅनेल गेला.' फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, आणि एमपेग-२ जागांचं वर्ष १ एप्रिलपासून मोजतात. कंपन्यांचे हिशेबही बदलत असतात. मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते अशा लोकप्रिय वाहिन्या एकाच वेळी फ्री डिशवरून निघून गेल्या, पुढे परतल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. बॉक्स बिघडलेला नसतो, जागांची फेरवाटणी झालेली असते. अशा वेळी मेनूत जाऊन 'ऑटो स्कॅन' करायचं, की नवी यादी येते. म्हणून स्कॅन सोपं असलेला बॉक्स निवडावा: मेनू स्वच्छ, रिमोटची बटणं मोठी, आणि जमलं तर स्कॅनसाठी वेगळं बटण.

याच अज्ञानाचा फायदा घेऊन काही जण 'रिचार्ज संपला', 'चॅनेल चालू करून देतो' म्हणत दारावर किंवा फोनवर पैसे मागतात. फ्री डिशला रिचार्ज नाही. वार्षिक नाही, मासिक नाही, 'पॅक'ही नाही. फिटरला त्याच्या येण्याजाण्याचे आणि मेहनतीचे पैसे जरूर द्यावेत, त्याहून जास्त काहीच नाही.

बसवायच्या दिवशी फिटरला सेटिंगच्या पानावरचे दोन पट्टे दाखवायला सांगावेत. 'स्ट्रेंथ'चा पट्टा नुसता एलएनबी जोडला तरी भरतो, त्यावर समाधान मानू नये. पाहायचा तो 'क्वालिटी'चा. तो कोरड्या हवेत जेमतेम असेल तर आषाढात टिकणार नाही; छत्रीचा नट अर्धा धागा सैल करून, थोडं इकडेतिकडे करून आणि एलएनबी किंचित फिरवून तो आणखी चढतो का पाहायला लावावं. दहा मिनिटांचं काम आहे. मग छत्रीच्या बिजागरीवर ऑइलपेंटची एक रेघ ओढून घ्यावी, म्हणजे वादळात ती हलली तर कुठे परत आणायची ते कळेल.

आणि फिटर निघण्याआधी, घरात दिवसभर टीव्ही बघणारं जे कुणी असेल, आजी असोत वा आजोबा, त्यांच्या हाती रिमोट द्यावा. सगळी यादी एकदा पुसून, त्यांच्याच हातून पुन्हा स्कॅन करून घ्यावं. चुकलं तर पुन्हा. सह्याद्रीवर बातम्या लागल्या की फिटरचे पैसे द्यावेत.