वसईचा तह व अमेरिकेची राज्यघटना

वसईचा किल्ला म्हटला कीं १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा पराक्रम डोळ्यांपुढें उभा राहतो. तसाच तो राहावा; पण याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं एक कागद झाला, त्याचें स्मरण आपण सहसा काढीत नाहीं. त्या ऑक्टोबरांत हडपसर येथें यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला. दुसरे बाजीराव कोंकणांत उतरले, इंग्रजी जहाजांतून वसईस आले आणि त्यांनीं कंपनीशीं तह केला. कंपनीचें निदान सहा हजार कवायती पायदळ कायमचें ठेवावें, त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावा, आणि कंपनीस विचारल्यावांचून इतर दरबारांशीं बोलणें लावूं नये, अशीं त्यांतील मुख्य कलमें होतीं.

एका पुरुषाच्या सहीनें सबंध मराठेशाहीचें स्वातंत्र्य गहाण पडावें, हा अधिकार त्यास कोणीं दिला? आपल्या एकत्र कुटुंबांतील कर्त्यालासुद्धां गरजेवांचून वडिलार्जित जमीन विकतां येत नाहीं. घरांत होता तो निर्बंध राज्यांत नव्हता. १६७४ सालच्या अष्टप्रधानांत पेशवा हा आठांपैकीं एक होता. पुढें तें पद वंशपरंपरेचें झालें, १७५० सालच्या सांगोल्याच्या करारानें छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे आली, आणि सरदार आपापल्या प्रांतांत धनी होऊन बसले. सत्तेची वांटणी झाली खरी. पण वांटणी निराळी आणि तोल निराळा. नारायणरावांच्या वधानंतर राघोबादादांस दूर सारून बारभाईंनीं कारभार चालविला, तो प्रयत्न आमच्या मतें फार मोलाचा होता. परंतु तो माणसांवर उभा होता, लेखी नियमावर नव्हे. १८०० सालीं नाना फडणीस वारले आणि मागें कांहीं उरलें नाहीं.

अमेरिकेंतील तेरा संस्थानेंही आरंभीं अशींच विस्कळित होतीं. त्यांच्या मध्यवर्ती सभेला कर बसविण्याचाही अधिकार नव्हता. म्हणून १७८७ च्या उन्हाळ्यांत फिलाडेल्फिया येथें प्रतिनिधि जमले. कायदे करणारे, ते अंमलांत आणणारे व न्याय देणारे असे अधिकार त्यांनीं वेगळे केले आणि एकाचा लगाम दुसऱ्याच्या हातीं दिला. तह अध्यक्षानें करावा, पण सेनेटच्या हजर सभासदांपैकीं दोनतृतीयांशांची संमति असावी. घटक संस्थानानें तर स्वतंत्र तह करूंच नये, असें ठरलें. (याच घटनेनें गुलामगिरी तशीच चालूं ठेविली, हेंही सांगितलें पाहिजे.)

वसईनंतर चारच महिन्यांनीं, ३० एप्रिल १८०३ च्या तहानें, अमेरिकेनें फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला. एवढा लाभ होत असतांही, घटनेनें आपणांस हा अधिकार आहे कीं नाहीं, या शंकेनें अध्यक्ष जेफरसन अस्वस्थ झाले. ऑक्टोबरांत सेनेटनें २४ विरुद्ध ७ मतांनीं संमति दिली.

इकडे शिंदे व नागपूरकर भोसले यांनीं वसईचा तह न मानतां शस्त्र धरलें. होळकर वेगळे राहिले. डिसेंबर १८०३ मध्यें भोसल्यांनीं देवगांवास आणि शिंद्यांनीं सुर्जी अंजनगांवास तह केला. शिंद्यांच्या तहाची तारीख ३० डिसेंबर. वसईच्या कागदास वर्ष पुरें होण्यास एक दिवस उणा होता.