विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. त्यामुळे मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतींत मुलांच्या दहावी-बारावीला घेतलेले पीसी एका तारखेत 'जुने' झाले. नोंदणी केली तर वर्षभर जादा सुरक्षा अपडेट मिळतात. पण त्यानंतर काय?

इथे पर्याय म्हणून लिनक्सचं नाव येतं.

पण हे जुन्या मशीनवर चालतं कसं?

पूर्वी ऑपरेटिंग सिस्टीम त्या त्या मशीनच्या भाषेत लिहायचे. मशीन बदललं की काम पुन्हा पहिल्यापासून. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालेलं युनिक्स १९७३ मध्ये सी भाषेत लिहिलं गेलं आणि गणित बदललं. बहुतेक कोड तोच ठेवायचा, हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग तेवढा नव्याने लिहायचा. यालाच पोर्टिंग म्हणतात.

गंमत म्हणजे १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सने लिनक्स बनवलं ते फक्त इंटेल ३८६ साठी. दुसऱ्या मशीनवर ते बहुधा चालणार नाही, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. पण कोड खुला होता. काही वर्षांतच हौशी लोकांनी ते अमिगा आणि अटारी या घरगुती कॉम्प्युटरवर नेलं. १९९३ मध्ये सुरू झालेलं नेटबीएसडी तर डझनावारी प्रकारच्या मशीनवर चालतं.

मग कितीही जुनं मशीन चालेल?

नाही. जुन्या हार्डवेअरसाठीचा कोड कुणीतरी तपासत राहावा लागतो. माणसं कमी झाली की सपोर्ट जातो. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मलं, त्याचाच सपोर्ट २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही.

तुम्ही काय तपासायचं?

• प्रोसेसर ६४-बिट आहे का? असेल तर पर्याय भरपूर.
• रॅम किती? लिनक्स मिंटला किमान २ जीबी लागते, ४ जीबी असलेली बरी. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडा.
• आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय ना, ते कळतं आणि विंडोजला धक्का लागत नाही.
• इन्स्टॉल करण्याआधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. डिस्क पुसली की परत मिळेलच असं नाही.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. सी-डॅकने डेबियनवर आधारित 'बॉस' लिनक्सही बनवलं आहे.

अडचण एकच, पण मोठी. विंडोजसाठी बनवलेले टॅलीसारखे प्रोग्राम यावर थेट चालत नाहीत. घरातून हिशेबाचं काम चालत असेल, तर आधी हे बघा. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर त्या पीसीत अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत.