मांजराचा दूधभात

दूधभातावर मांजर छान जगतं, मग वेगळा आहार कशाला, असं अनेकांना वाटतं. ते मांजर उरलेलं पोषण उंदीर-पाली मारून मिळवतं, हे आपण विसरतो. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही.

उंदरात स्नायू, यकृत, हृदय, हाडं असं सगळं येतं. नुसत्या चिकनच्या तुकड्यांत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम मात्र नाममात्र. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो. मांजराला ते जमत नाही. त्याला ते थोड्याशा यकृतातून तयारच द्यावं लागतं. (थोड्याशाच; अतिरेक हाडांना बाधतो.)

खरी अडचण टॉरिनची. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवत नाही आणि पित्तक्षारांसाठी सतत खर्च करतं. टॉरिनच्या अभावी दृष्टिपटल खराब होतं, हे १९७५ मध्ये कळलं. १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हृदयाचे स्नायूही यानेच दुबळे होतात, आणि टॉरिन दिल्यावर सुधारतात. डाळ-तांदळात ते नसतंच. मांसातलंही उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून न देता जेवणातच घालावं. टॉरिन आणि कॅल्शियम वरून किती द्यायचं, ते पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं. त्या पाण्यात कांदा-लसूण मात्र नको. मांजराच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.