विनोदाचा अडत्या

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने एक विनोदी चित्रपट केला. गावातल्या रेशन दुकानावर बेतलेला, दीड तासाचा. मित्रमंडळी नट, कॅमेरा उसना, पैसे वर्गणीचे. चित्रपट पुरा झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की तो विकायचा कुणाला हे आपल्याला ठाऊकच नाही. कुणीतरी म्हणाले, 'एजंट धर.' त्याने धरला. मुंबईच्या त्या गृहस्थाने 'नोंदणी व प्रसिद्धी' या नावाखाली ४०,००० रुपये आधी घेतले आणि मग फोन उचलणे बंद केले. पैसे बहिणीचे होते. ती मला म्हणाली, ''दादा, एवढी पुस्तकं आणून वाचतोस, एजंट म्हणजे नेमका कोण, ते तरी शोधून सांग.''

मी चित्रपटाचा माणूस नाही. नारायणगावात खताच्या दुकानात हिशेब लिहितो, रात्री वाचतो. पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला माझ्याच गावात मिळाले. आमच्याकडे टोमॅटोचा बाजार मोठा. अडत्या आधी माल विकतो, मग आपली अडत घेतो. माल विकण्याआधीच शेतकऱ्याकडे हजेरी मागणारा अडत्या बाजारात टिकणार नाही. दुसरी गोष्ट तमाशाची. जत्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, सुपारी ठरते. इसार गाव फडाला देते. फड गावाला देत नाही.

हॉलीवूडचा रिवाज याहून फार वेगळा नाही. कॅलिफोर्नियात कलावंताला काम मिळवून देण्याचा धंदा करायचा, तर राज्याच्या कामगार आयुक्ताचा परवाना लागतो. एजंटचा वाटा साधारण दहा टक्के, तोही कलावंताच्या हाती पैसे पडतील तेव्हा. काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे उकळण्याविरुद्ध तिथे वेगळा कायदा आहे. एजंटखेरीज 'मॅनेजर' नावाचा आणखी एक इसम असतो. तो सल्ला देतो, माणसाला घडवतो; पण परवान्याशिवाय काम मिळवून देण्याचा व्यवहार त्याने करू नये, असे कायदा म्हणतो. व्यवहारात ही रेघ पुसट आहे. परवानेवाले सगळे धुतल्या तांदळासारखे, असेही नाही. मोठ्या एजन्सी कलावंतांचा गठ्ठा बांधून स्टुडिओकडूनच वेगळी रक्कम घेत, म्हणून एप्रिल २०१९ मध्ये हजारो अमेरिकन पटकथालेखकांनी आपापल्या एजंटांना एकदमच काढून टाकले. अडत्याने दोन्हीकडून अडत घ्यायची नाही, हेच ते भांडण. ते मिटायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

पण भाच्याला एजंट नकोच होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. एजंट माणसाचे पुढचे काम विकतो. तयार चित्रपट विकणारा वेगळा असतो. अमेरिकेत त्याला 'प्रोड्यूसर्स रेप' म्हणतात, म्हणजे निर्मात्याचा प्रतिनिधी. या धंद्यातले गाजलेले नाव जॉन पिअर्सन. स्पाइक लीचा 'शीज गॉटा हॅव इट' (१९८६) हा कृष्णधवल विनोदी चित्रपट पैशांअभावी अडला होता, तेव्हा पिअर्सनने स्वतःचे १०,००० डॉलर त्यात घातले. प्रतिनिधीने पैसे घेतले नाहीत, दिले, हे मी बहिणीला दोनदा वाचून दाखवले. मायकेल मूरचा 'रॉजर अँड मी' (१९८९) हा उपहासाने भरलेला माहितीपट त्याच्याच मध्यस्थीने वॉर्नर ब्रदर्सकडे गेला.

त्यातली केव्हिन स्मिथची हकिगत भाच्याच्या फार जवळची. न्यू जर्सीतल्या लिओनार्डो गावी क्विक स्टॉप नावाचे किरकोळ वस्तूंचे दुकान आहे. स्मिथ तिथे नोकर होता. दिवसा नोकरी आणि रात्री त्याच दुकानात 'क्लर्क्स'चे चित्रीकरण. बाहेर अंधार, आणि गोष्ट तर दिवसाची! मग त्याने पटकथेतच घातले, की कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबल्याने शटर उघडत नाही. अडचणीचा विनोद असा करता आला पाहिजे. खर्च २७,५७५ डॉलर. त्यासाठी क्रेडिट कार्डे रिकामी केली, जमवलेली कॉमिक्स विकली.

१९९३ च्या शरदात न्यूयॉर्कच्या स्वतंत्र चित्रपटांच्या बाजारात 'क्लर्क्स' दाखवला गेला. सभागृह जवळजवळ रिकामे. रिकाम्या सभागृहात गंभीर चित्रपट एक वेळ तरतो, विनोद मरतो. हसणे शेजाऱ्याकडून लागते. खरेदीदाराला एकट्याला खोलीत बसवून विनोदी चित्रपट दाखवणे म्हणजे मीठ न घालता आमटी वाढणे. पण त्या मोजक्या माणसांत बॉब हॉक नावाचा एक जाणकार होता. त्याने पुढे शब्द टाकला, पिअर्सन प्रतिनिधी झाला, आणि जानेवारी १९९४ मध्ये सनडान्स महोत्सवात, भरल्या सभागृहात, चित्रपट पुन्हा लागला. मिरामॅक्सने तो २,२७,००० डॉलरना घेतला. मग स्टुडिओच्या पैशाने केलेला स्मिथचा दुसरा चित्रपट 'मॉलरॅट्स' (१९९५) तिकीटबारीवर आपटला. असो.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. स्मिथने मध्यस्थ शोधून मग चित्रपट दाखवला नाही. चित्रपट दाखवला, तो एका माणसाला आवडला, त्याने दुसऱ्याला सांगितले. मध्यस्थ त्या वाटेने आला.

आपल्याकडे प्रतिनिधीचे हे काम बरेचसे वितरक आणि ओळखीपाळखी करत आल्या. १९७१ मध्ये दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमध्ये लागावा यासाठी बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावे लागले. असा मध्यस्थ प्रत्येकाला कुठून मिळणार? आज गोव्यात इफ्फीच्या सुमारास फिल्म बाजार भरतो. २००७ पासून तो चालू आहे, आणि महोत्सवांचे निवडकर्ते व विक्री करणारे तिथे नवे चित्रपट पाहतात. तिथे आणि महोत्सवांत प्रवेशिकेची फी असते. भाच्याने लगेच विचारले, ''मामा, मग हेही आगाऊच ना?'' प्रश्न रास्त होता. पण ती फी जाहीर असते, पावती मिळते आणि 'तुझा चित्रपट विकून देतो' असे वचन त्यात नसते. विनोदी चित्रपटाला तिथेही एक अडचण आहेच. रेशन दुकानदाराच्या बोलीतली खोच इंग्रजी उपशीर्षकात उतरवताना निम्मी गळते. भाच्याने उपशीर्षके शब्दकोश घेऊन केली होती. ती मी त्याला पुन्हा करायला लावली.

त्या ४०,००० रुपयांसाठी नोटीस पाठवली आहे. उत्तर नाही. गणपतीत आम्ही तालमीसमोर पडदा बांधून चित्रपट गावाला दाखवला. मी वही घेऊन मागे बसलो आणि लोक कुठे हसतात ते मिनिटानिशी टिपले. पहिल्या वीस मिनिटांत कुणी एकदाही हसले नाही. नंतर मात्र रॉकेलच्या कॅनचा प्रसंग आला आणि बायकांच्या बाजूने असा हशा उसळला, की पुढची चार वाक्ये ऐकूच आली नाहीत. भाचा सध्या ती वीस मिनिटे कापतो आहे.