कॅडसाठी मॉनिटर घेताय? इंच नंतर, आधी पिक्सेल मोजा

घराचा नकाशा, कांदा चाळ, गोठा, पॉलिहाऊस, शेतरस्ता किंवा कारखान्यातला सुटा भाग, सगळ्यांची रेखाटने आता संगणकावरच होतात. राजुरी, बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यात हे काम करणाऱ्या तरुणांनी संगणक घेताना पैसा प्रोसेसर आणि रॅमवर घालायचा आणि उरलेल्या रकमेत बसेल तो मॉनिटर उचलायचा, असा सर्रास हिशेब असतो. पण दिवसाचे आठ-दहा तास डोळे त्या पडद्यावरच असतात. स्लॅबच्या नकाशातले सळयांमधले १५० मिमी अंतर १८० असे वाचले गेले, तर चूक संगणकात राहत नाही, ती काँक्रीटमध्ये जाते. म्हणून ड्राफ्टिंगसाठी मॉनिटर निवडताना नेमके काय पाहायचे, ते समजून घेऊ.

मोठा पडदा म्हणजे चांगला पडदा का?

नाही. पडदा किती इंची आहे यापेक्षा एका इंचात किती पिक्सेल बसले आहेत, हे महत्त्वाचे. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. हे २४ इंची पडद्यावर इंचाला सुमारे ९२ पडतात. तेवढेच पिक्सेल २७ इंचावर पसरले की आकडा ८२ वर येतो. पडदा मोठा होतो, पण नकाशातला तपशील एका ठिपक्यानेही वाढत नाही, उलट तिरप्या रेघांच्या पायऱ्या दिसू लागतात.

२७ इंचात क्यूएचडी (२५६० बाय १४४०) घेतला, तर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल मिळतात, फोर-के (३८४० बाय २१६०) घेतला तर १६३. तुमच्या हातातल्या फोनवर हा आकडा बहुधा ४०० च्या आसपास असतो. म्हणूनच तुम्ही पाठवलेली पीडीएफ घरमालकाला फोनवर जास्त रेखीव दिसते.

कामात फरक किती पडतो?

ए-१ कागद ८४१ बाय ५९४ मिमीचा असतो आणि त्यावर मोजमापांचे आकडे साधारण अडीच मिमी उंचीचे असतात. पूर्ण नकाशा फुल एचडी पडद्यावर बसवला, तर कमांडच्या पट्ट्या वगळून त्याच्या उंचीला सुमारे ८५० पिक्सेल उरतात. म्हणजे एका आकड्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन पिक्सेल. तेवढ्यात ३ आणि ८ वेगळे ओळखता येत नाहीत. क्यूएचडीवर हाच आकडा पाच पिक्सेलचा होतो, फोर-केवर सात-साडेसात पिक्सेलचा, म्हणजे वाचण्याजोगा.

झूम करता येतेच, पण ते दिवसातून किती वेळा करावे लागते, हा प्रश्न आहे. सतत आत-बाहेर करताना संपूर्ण नकाशा नजरेसमोर राहत नाही आणि एका खोलीत बदललेले माप शेजारच्या खोलीत बदलायचे राहून जाते.

आयपीएस, व्हीए, टीएन यांपैकी काय घ्यावे?

ड्राफ्टिंगसाठी आयपीएस. टीएन पॅनेल स्वस्त असते, पण मान जरा हलली की रंग बदलतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद दिसतो, मात्र बाजूने पाहिल्यावर फिकट रेघा दबतात. आयपीएसवर शेजारी बसलेल्या घरमालकालाही तोच रंग दिसतो.

कॅडमध्ये रंग शोभेसाठी नसतात. ऑटोकॅडमध्ये १ म्हणजे लाल, २ पिवळा, ३ हिरवा, ५ निळा. अनेक कार्यालयांत रेघ छापताना किती जाड यावी, हे या रंगांवरूनच ठरते. काळ्या पार्श्वभूमीवर सर्वांत आधी दिसेनासा होतो तो निळा. परवानगीच्या नकाशातही प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचे काम पिवळ्या रेघांनी दाखवतात. पडद्यावर हे रंग एकमेकांत मिसळून चालत नाहीत.

टीव्हीच लावला तर?

३२ इंची टीव्ही मॉनिटरपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून मोह होतो. पण या आकाराचे अनेक स्वस्त टीव्ही १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे असतात, म्हणजे इंचाला ४९. शिवाय काही टीव्ही रंगांची माहिती कमी करून दाखवतात. चित्रपटात ते कळत नाही, काळ्यावरचा लाल आकडा मात्र फुटतो.

आणखी कशावर पैसे घालू नयेत?

१४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त रिफ्रेश रेट गेमसाठी आहे. ड्राफ्टिंगला ६० पुरतात, ७५ ते १०० मिळाले तर उत्तम. वक्र पडदाही नको, त्यावर सरळ भिंत वाकल्यासारखी वाटते. रुंद, ३४ इंची पडदा रस्त्याच्या किंवा कालव्याच्या लांबलचक उभ्या छेदासाठी उपयोगी आहे. मात्र ३४४० बाय १४४० च्या पडद्यावर उंची २७ इंची क्यूएचडीइतकीच मिळते.

पडदा चकचकीत नको, मॅट हवा. रस्त्याकडे शटर उघडे असलेल्या गाळ्यात चकचकीत पडद्यावर नकाशापेक्षा समोरची वाहतूकच जास्त दिसते.

जुन्या संगणकाला फोर-के जोडता येईल का?

पैसे देण्याआधी हे नक्की तपासा. जुन्या संगणकाचा एचडीएमआय १.४ पोर्ट फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतो, त्यामुळे कर्सर अडखळतो. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. वेगळे ग्राफिक कार्ड असेल, तर केबल मदरबोर्डला नव्हे, त्या कार्डाला लावा. व्हीजीए केबल असेल तर चांगल्या पडद्यावरही अक्षरे पुसट दिसतात.

सॉफ्टवेअरची आवृत्तीही पाहा. ऑटोकॅड २०१८ पासून फोर-के पडद्यांसाठी सुधारणा झाली. त्याआधीच्या आवृत्त्यांत चिन्हे मुंगीएवढी दिसू शकतात. जुनी आवृत्ती वापरत असाल, तर २७ इंची क्यूएचडीच बरा.

बजेटनुसार काय घ्यावे?

ब्रँड आणि सवलतीनुसार किमती बदलतात, तरी साधारण अंदाज असा:

• ८ ते १२ हजार : २४ इंची फुल एचडी आयपीएस. घरांचे नकाशे आणि शिकाऊ कामाला पुरेसा. याच आकारात १९२० बाय १२०० मिळाला तर तो घ्या, उंचीला १२० पिक्सेल जास्त मिळतात.

• १५ ते २५ हजार : २७ इंची क्यूएचडी आयपीएस. रोजचे काम करणाऱ्या बहुतेकांसाठी हाच योग्य.

• २५ हजारांच्या पुढे : २७ किंवा ३२ इंची फोर-के. संगणक आणि सॉफ्टवेअर त्या तोडीचे असतील तरच.

जुना मॉनिटर विकू नका. तो शेजारी ठेवून त्यावर सर्व्हेची पीडीएफ, सातबारा किंवा साइटवरून आलेले फोटो उघडता येतात. जीएसटी नोंदणी असेल, तर व्यवसायाच्या नावाने बिल घ्या, भरलेल्या कराचे क्रेडिट मिळू शकते.

दुकानात काय तपासावे?

पेनड्राइव्हवर स्वतःचाच एक नकाशा न्या. तो पूर्ण पडद्यावर उघडून मापे वाचा. निळी रेघ समोरून आणि बाजूनेही पाहा. नंतर पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. एखाद-दुसरा पिक्सेल मेला म्हणून बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधीच ही तपासणी उरका. वॉरंटीत माणूस गावात येतो की मॉनिटर पुण्याला न्यावा लागतो, तेही विचारा.

उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड किंवा मागे १०० बाय १०० मिमीची वेसा छिद्रे असावीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर असू द्या. वीज येत-जात असेल, तर मॉनिटरही यूपीएसवरच घ्या. अडॅप्टर बाहेरून जोडलेला असेल, तर विजेच्या झटक्यात अनेकदा तेवढाच जळतो आणि तो बदलता येतो.

एक गोष्ट मात्र कोणताही मॉनिटर करून देत नाही. पडद्यावर सगळे बरोबर दिसले, तरी साइटवर पाठवण्याआधी नकाशाची एक प्रत छापून, मापांची बेरीज जुळते का ते पाहावेच लागते.